नद्यांच्या रेघांची मूठ

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मास्तरांना डॉक्टरांनी काठी दिली, पण ती राखाडी, दवाखानी काठी हातात धरायला ते काही केल्या तयार होईनात. भिंतीचा आधार घेत घरातल्या घरात फिरायचे. त्यांची बायको चाळीस वर्षं नर्स. गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणत आणि घरी मास्तरही. निवृत्तीनंतर तिने मागच्या शेडमध्ये लाकूड फिरवून कातायचा एक जुना लेथ बसवला होता.

"लाकडाची मूठ करून दिली तर घ्याल काठी?"

"लाकूड मी निवडणार," मास्तर म्हणाले.

त्यांनी नेमका निवडला तो वादळात पडलेल्या झाडाचा कुजका ओंडका. बुरशीने त्यात काळ्या रेघा ओढल्या होत्या. "या नद्या बघा, हा त्रिभुज प्रदेश," भूगोलाचे मास्तर रंगात आले. सिस्टरनी नख दाबलं तर ते आत रुतलं. त्याचे तुकडे करून एक लेथवर चढवला, तर पटाशी टेकताच नदी, प्रदेश सगळं भुसा होऊन उडालं.

असल्या लाकडात हवेच्या जागी रेझिन, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारी पातळ राळ, भरून ते भाजलं की दगडासारखं होतं, हे सिस्टरनी ऐकलं होतं. त्याची तयार यंत्रं मात्र हत्ती पोसण्यासारखी. मग त्यांनी माळ्यावरचा मोठा कुकर काढला. मास्तरांचा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा. त्याने भंगारातला कॉम्प्रेसर आणि दाब दाखवणारा काटा आणून जोडला. "वहिनी, फ्रिज थंड करणारा हाच गडी हवाही ओढतो," तो म्हणाला. झाकण म्हणून जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पाटी लावली. विकत आणली ती फक्त रेझिनची बाटली.

पहिला तुकडा घाईत केला. भाजून चिरला तर बाहेरून टणक आणि आतून ओलसर, मऊ.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात," मास्तर म्हणाले. "इथे उतावळ्या तुम्ही आणि गुडघा माझा."

सिस्टर हसल्या, पण चूक त्यांना कळली होती. लाकडात पाणी असेल तर रेझिन शिरणार कुठे? मग त्यांनी उरलेले चार तुकडे जुन्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळत ठेवले. दर दोन तासांनी वजन करायचं. तान्ह्या बाळांचं वजन वाढलं की त्यांना आनंद व्हायचा. इथे उतरलं की व्हायचा. दुसऱ्या दिवशी वजन उतरायचं थांबलं. तुकडे डब्यात बंद करून निववले, एक कुकरमध्ये ठेवला, तरंगू नये म्हणून वर लोखंडी वजन दिलं आणि रेझिन ओतलं.

कॉम्प्रेसर घरघरला. काटा हलेना. भाऊजींनी कान लावला, फुसफुस ऐकली आणि रबराची नवी चकती कापून बसवली. काटा सरसर खाली गेला आणि लाकडातून बुडबुड्यांचा फवाराच सुटला.

"अहो, श्वास सोडतंय ते!" सिस्टर म्हणाल्या.

मास्तर खुर्चीतून उठून टेबलापाशी आले. झाकणावर वाकून बुडबुडे बघत अर्धा तास उभे राहिले, भिंतीला न धरता. सिस्टरनी ते पाहून ठेवलं.

संध्याकाळी बुडबुडे थांबले. हवा आत सोडली, तुकडा तसाच रेझिन पीत राहिला. दुसऱ्या दिवशी तो फॉइलमध्ये गुंडाळून शेडची दारं-खिडक्या उघडून भाजला. निवल्यावर सिस्टरनी नख दाबलं. नखच दुखलं.

लेथ फिरला. या वेळी भुसा नाही, लांबलचक ढलप्या निघाल्या, सिस्टरच्या केसांत अडकल्या. काळ्या नद्या गोल फिरत वर आल्या. मूठ घासून चकाकी आणली, त्या राखाडी काठीवर बसवली. मास्तरांनी मूठ तळहातात घोळवली.

"धाकट्याला दाखवून येतो," म्हणाले आणि निघालेच.

नर्सच्या सवयीने सिस्टर दोन पावलं मागून चालू लागल्या. कोपऱ्यावर मास्तर मागे न बघताच म्हणाले, "सिस्टर, ड्युटी संपली तुमची."

त्या थांबल्या. ते वळणाआड दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या. मग झपाझप घरी आल्या आणि उरलेल्या तीन तुकड्यांतला सर्वांत कुजका निवडून त्यांनी कुकरमध्ये ठेवला.