छपराचा रेनकोट

मी बोलतोय तो वरून. मान वर करा. अजून थोडी. आढ्याखालची पहिली ओळ, डावीकडून सातवं कौल, तो मी.

भट्टीतून बाहेर पडलो तेव्हा अंगावर अशी काही लाली होती, की आपण वेगळेच आहोत याची मला खात्री पटली. त्या दिवशी आम्ही आठशे जण तसेच निघालो होतो, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

मला ज्या घरावर चढवलं ते एका शिंप्याचं. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. शिंपीकाकांच्या गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या, त्यामुळे ते "हं" आणि "अंहं" एवढंच बोलत. उरलेलं सगळं काकू बोलत.

आमची बाजू सावलीची. वर शेजारच्या झाडाची फांदी. दोन पावसाळ्यांत माझ्या भावंडांच्या पाठीवर शेवाळाच्या हिरव्या गाद्या पसरल्या. शेवाळ पाणी धरून ठेवतं, कौल भिजून भिजून ठिसूळ होतं, मग तडकतं, आणि छप्पर गळतं ते नेमकं गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर.

माझ्या अंगावर मात्र हिरवा ठिपकासुद्धा नाही! माझ्या खालच्या दोघांवरही नाही. ते माझ्या संगतीमुळे, असं मी धरून चाललो.

"मनात आणलं की सगळं होतं," मी सहाव्या कौलाला सांगायचो. "शिस्त लागते."

"शिस्त? तू दिवसभर वेगळं काय करतोस रे?"

"मी आतून स्वच्छ राहतो."

सहावं नुसतं खोकलं. शेवाळ त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं.

काका दरवर्षी तारेचा ब्रश घेऊन वर चढत आणि आम्हाला खसाखसा घासत. पाठी खरखरीत होत. खरखरीत पाठीवर शेवाळाचे पाय आणखी घट्ट रोवले जात, आणि पुढच्या वर्षी ते दुपटीने येई.

एकदा काकूंनी गळक्या जागी तिसरी बादली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता पुरे! या पावसाळ्यानंतर वर शेवाळ दिसलं तर कौलं उतरवायची आणि पत्रे घालायचे. मिस्त्रींना सांगून ठेवलंय मी."

काकांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. म्हणजे गोष्ट गंभीर होती. "पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मला मशीनचा आवाज ऐकू येणार नाही गं. धागा तुटला तर कळायचं कसं?"

उतरवलेल्या कौलांचं काय होतं, ते मी वरून पाहिलेलं होतं. समोरच्या घराची कौलं फोडून रस्त्यातल्या खड्ड्यात भरली होती. माझं धाबं दणाणलं.

मग काकांनी शिंप्यालाच सुचेल असा उपाय काढला. त्यांनी आमची मापं घेतली, छत्रीचं कापड आणलं आणि अकरा दिवस खपून छपराला रेनकोट शिवला. कॉलर, बटणं, सगळं यथासांग.

"अहो, छपराला खिसे कशाला?" काकूंनी विचारलं.

"हाताला सवय आहे. आपोआप पडले."

आढ्याला, बरोबर माझ्या डोक्यावर, जुन्या रेडिओच्या उघड्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं गुंडाळलेलं होतं. रेनकोट त्यात अडकत होता. काकांनी ते सोडवलं आणि तार अंगणात कपडे वाळत घालायला बांधून टाकली. मी त्याकडे लक्षही दिलं नाही. तार ती तार!

पावसाळाभर शिवणींतून पाणी आत येत राहिलं, बाहेर मात्र जाईना. ऊन नाही, वारा नाही. पावसाळा संपल्यावर रेनकोट काढला, तर खाली शेवाळाने थाटात संसार मांडलेला. आणि माझ्या अंगावर? चांगली बोटभर जाडीची गादी!

"काय हो," सहाव्याने विचारलं, "शिस्त कुठे गेली?"

पत्र्यांची मापं घ्यायला मिस्त्री शिडी लावून चढले. काकू खाली तारेवर सदरे वाळत घालत होत्या. वर पाहता पाहता त्या थबकल्या.

"थांबा हो मिस्त्री! ते सातवं कौल आणि खालची दोन. त्यांच्यावर कधीच शेवाळ नसायचं. यंदाच कसं आलं?" मग त्यांनी खाली पाहिलं. अंगणातली फरशी सगळी हिरवीगार, फक्त तारेखाली सरळ रेघेत स्वच्छ पट्टा. "अहो, ही तार आधी कुठे होती?"

"हं," म्हणत काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तांबं!" मिस्त्री शिडीवरूनच म्हणाले. "तांब्यावरून ओघळलेलं पाणी शेवाळाला सोसत नाही, काकू."

त्या क्षणी मला पुन्हा भट्टीत जावंसं वाटलं. माझी शिस्त, माझं आतून स्वच्छ असणं, सगळं मिळून एक तारेचं भेंडोळं!

"पत्र्यांचं राहू दे," काकू म्हणाल्या. "पण तीनच पावसाळे बघणार हं मी."

शेजाऱ्यांना विचारून फांदी छाटली. ऊन आलं. मऊ झाडूने, वरून खाली, हलक्या हाताने आम्हाला साफ केलं. मग आढ्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभर रुंद तांब्याची पट्टी बसवली आणि छपराच्या मध्यावर दुसरी. कुणी सुटलं नाही. पट्टीच्या कडेला काकांनी दुमड घातली. सवय, दुसरं काय!

आज तिसरा पावसाळा संपला. मिस्त्री सकाळी टेप घेऊन वर आले, इकडेतिकडे पाहून खाली उतरले.

"काकू, मापं घेण्यासारखं काही नाही. छप्पर ठणठणीत आहे."

"मग चहा तरी घ्या."

दुकानातून मशीनचा आवाज येतोय, आणि तो आम्हा सगळ्यांना ऐकू येतोय. रेनकोट कापून काकांनी गल्लीतल्या अर्ध्या लोकांना रेनकोट शिवले. खिसे तयारच होते.

तुम्हाला एकच विनंती. एखादं कौल एकटंच लखलखीत दिसलं, तर त्याची पाठ थोपटण्याआधी त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघा. आणि जे असेल, ते सगळ्या ओळींना मिळू द्या.

सहावं हल्ली माझ्यापेक्षा उजळ दिसतं. आत्ताच ते मला म्हणालं, "मनात आणलं की सगळं होतं."

मला इतकं हसू आलं, की मी जागेवरून हललो. लगेच खालून काकूंचा आवाज, "अहो, सातवं सैल झालंय का बघा!"