पावलांची पोगाचा

लिंडनला फुलं आली की आमचं अख्खं गाव अर्धवट झोपेत चालतं. वासच तसा असतो, गोड आणि जड. माणसं बोलता बोलता थांबतात, काय सांगत होतो ते विसरतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. जाग्या असतात त्या फक्त मधमाश्या. अशाच दिवसांत माझ्या भावजयीला, त्सोनाला, पहाटे एक स्वप्न पडलं आणि त्या स्वप्नापायी तिने सगळी आळी गोळा केली.

स्वप्न असं, की तिची नात यास्ना लिंडनच्या झाडाखालून चालत येते आहे. केसांत मधमाश्या बसल्यात आणि एकही डसत नाही. त्सोना उठली ती थेट भट्टीकडे गेली आणि पोगाचेचं, म्हणजे आमच्या सणाच्या पावाचं, पीठ मळायला बसली.

आमच्याकडे पोराने पहिलं पाऊल टाकलं की पोगाचा भाजायची, गोल गरगरीत, परातीएवढी. अंगणात पांढरं कापड अंथरायचं, त्यावरून ती गडगडत सोडायची आणि तिच्यामागून पोराने चालत जायचं. कापडाच्या टोकाला बुटकं मेज असतं. त्यावर कात्री, पेन्सिल, कंगवा असं काहीबाही ठेवतात. पोर जे उचलेल ते त्याचं पुढचं आयुष्य. पाऊल आधी, पोगाचा मग, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. आणि यास्ना दीड वर्षाची झाली तरी चाललेली नव्हती.

बोलतही नव्हती. रांगायची मात्र झपाट्याने, आणि दिसेल त्या भोकात बोट घालून बघायची. मला तर ती चांगली चलाख वाटायची. पण तिची आई रुमेना, तिला कोण समजावणार? पोटुशी असताना रुमेनाला डायबेटिस निघाला. उठता-बसता बोट टोचून साखर बघायची, शेवटी इन्सुलिनही घ्यावं लागलं. नवरा म्हणजे त्सोनाचा मुलगा, माझा भाचा लुबेन, तो जहाजावर. बाळंतपण झालं आणि साखर गेली. पण तिने कुठेतरी वाचलं, की अशा आयांची मुलं पुढे चालण्या-बोलण्यात मागे पडू शकतात. तेव्हापासून ती लेकीकडे बघायची ती तपासणीला आल्यासारखी. पोर खुदकन हसलं तरी हिच्या कपाळावर आठी. खरं सांगते, मला राग यायचा. अगं, इतकी वाट बघून मिळालंय, जरा नुसतं बघ ना त्याच्याकडे!

भट्टीचा वास माझ्या खिडकीत आला तशी मी चपला अडकवून निघाले.

"वन्सं, चालली हो ती!" त्सोना कुंपणावरून ओरडली. तोंडाला पीठ, डोळ्यांत अजून झोप.

"कोण? कुठे चालली?"

"यास्ना! स्वप्नात. पण इतकं लख्ख, वन्सं, तिच्या टाचेवरची माती दिसली मला."

"बाई गं, स्वप्नातल्या पावलाला कुणी पोगाचा भाजतं? उद्या स्वप्नात मी मेलेली दिसले तर माझ्या मयताचं जेवण घालशील?"

तिने जीभ चावली. पण वासाला आणि तिच्या आवाजाला कोण थांबवणार? समोरची स्तान्का कात्री घेऊन फाटकात हजर. तिच्यामागे शेजारपाजारची माणसं, कुणाच्या हातात कंगवा, कुणाच्या हातात पुस्तक. कापडही कुणीतरी अंथरून टाकलं, टोकाला मेज मांडलं. सगळे त्या वासात गुंगल्यासारखे हसत उभे होते.

रुमेना लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली. नुकती नाहलेली, ओली वेणी खांद्यावरून पुढे आलेली.

"कधी चालली गं पोरगी? अभिनंदन!" स्तान्का म्हणाली.

"नाही चालली," रुमेना म्हणाली. "चालणारही नाही. माझ्या रक्तातली साखर तिच्या पायांत उतरलीय."

त्सोनाने भाजलेली पोगाचा दोन्ही हातांत उभी धरली होती. ती हळूच म्हणाली, "तू नाही गं. मी केलं ते. तुझ्या संध्याकाळच्या लिंडनच्या काढ्यात मी मध घालायचे."

"काय घालायचीस?" माझा आवाज चढला.

"मध. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केली होती, वन्सं. मध कुठे साखर आहे? आपल्या पोळ्यांतला मध, औषध ते! माझ्या सासूने मला तेच पाजलं." ती रडायलाच लागली.

आमच्या गावात मधाला साखर म्हणणं म्हणजे पाद्र्याला चोर म्हणण्यासारखं. मी त्सोनाला काही बोलणार, तेवढ्यात रुमेना म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"काय?"

"पहिल्याच घोटाला कळलं होतं. तरी रोज प्यायले. लुबेन नव्हता, सगळे मला 'हे नको, ते नको' सांगायचे. तो एकच कप असा होता, की कुणीतरी माझे लाड करतंय असं वाटायचं. सकाळी यंत्रावर आकडा चढलेला दिसायचा आणि मी कुणाला सांगायचे नाही."

इतके दिवस ती हे पोटात घेऊन बसली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आता माझं ऐका दोघी," मी म्हटलं. "रुमेना, यास्नाला दाखवायला शहरात गेलो तेव्हा मी होते ना तुझ्याबरोबर? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मधाने साखर चढत असेल, पण आजार मधाने झाला नाही. पोटात बाळाला पोसणारी वार असते, तिच्यामुळे होतं ते. अशा काही मुलांना चालायला-बोलायला उशीर होऊ शकतो, हे खरं. सगळ्यांना नाही. हिचं त्यानेच झालं की आणखी कशाने, ते कुणीच सांगू शकत नाही. व्यायाम करून घ्या, तिच्याशी बोलत राहा, तपासायला आणत राहा. एवढं सगळं सांगितलं त्यांनी, आणि तू घरी काय आणलंस? तेवढा 'उशीर'!"

त्सोनाने नाक पुसायला एक हात काढला. तशी पोगाचा निसटली, कापडावर पडली आणि गडगडत निघाली.

यास्नाने आईच्या कडेवरून अशी उसळी घेतली, की तिला खाली सोडावंच लागलं. सगळ्यांनी श्वास धरला. उभी राहते का? नाही. ती रांगत सुटली पोगाचेमागे. अर्ध्या कापडावर थांबली आणि मागे वळून बघू लागली. आई येतेय की नाही, एवढंच बघत होती.

रुमेना तिच्याकडे बघत राहिली. मग तिने झगा गुडघ्यावर घेतला, खाली वाकली आणि कापडावर रांगायला लागली. असं कुठल्याच रीतीत बसत नाही. स्तान्काने तोंडावर हात ठेवला. "माझे गुडघे मेले गं," असं म्हणत त्सोनाही मागून रांगू लागली. यास्ना इतकी हसली, इतकी हसली, की फाटकातली माणसंही हसायला लागली. वर अंगणातल्या लिंडनवर मधमाश्यांची गुणगुण चालू होती, पाकळ्या पडत होत्या. त्सोनाच्या स्वप्नात आम्हीच शिरलो आहोत असं मला वाटलं.

मेजाशी पोचल्यावर यास्नाने कात्रीकडे बघितलं नाही, पेन्सिलीकडेही नाही. समोर लोंबणारी आईची वेणी तिने दोन्ही मुठींत धरली, ओढली, आणि उभी राहिली. रुमेना दुखलं तरी हलली नाही. तिचं नाक लेकीच्या नाकाला टेकलं होतं आणि डोळे मिटलेले होते. पोर किती वेळ उभं राहिलं, ते या खेपेला तिने बघितलंच नाही. मग यास्ना धपकन खाली बसली.

"काय उचललं? काय होणार पोरगी?" स्तान्काने विचारलं.

"वेणी उचललीय. न्हावीण होणार!" त्सोना डोळे पुसत म्हणाली.

रुमेना तशीच कापडावर बसून होती, लाल झालेले गुडघे पसरून. तिने पोगाचा उचलली, झटकली, तोडली. "आई, मध आणा," ती म्हणाली. त्सोना जागची हलेना, तेव्हा मीच जाऊन बरणी आणली. रुमेनाने पहिल्या तुकड्याला मध लावला आणि सासूच्या तोंडात घातला. दुसरा लेकीला दिला. मग आळीभर तुकडे वाटले गेले.

"पण खरं पाऊल पडेल तेव्हा पुन्हा भाजावी लागेल हो," स्तान्का तोंड भरलेलं असताना म्हणाली. "आणि लवकर नाहीच पडलं तर?"

रुमेनाने लेकीच्या हनुवटीवरचा मध बोटाने पुसला आणि ते बोट चाटलं.

"तर रांगू," ती म्हणाली.