कमरेवरून दंडावर

मला तोंड नाही, तरी आज बोलल्यावाचून राहवत नाही. मी एक पट्टा आहे. चामड्याचा, तपकिरी, कुणाच्याही कमरेला दिसतो तसा साधा. माझी जागा कमरेवर; पण आयुष्यातला बराच काळ मी दंडावर काढला. तो कसा, ते तुम्हाला सांगायचंय. ऐकताना किळस आली तर येऊ द्या. नाक झाकून पुढे निघून जाणारे मी पुष्कळ पाहिलेत.

माझा जन्म एका चामड्याच्या कारागिराकडे झाला. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. त्याने अंगठ्याने दाबून दाबून अख्खं कातडं तपासलं, सगळ्यात घट्ट जागा निवडली आणि रापीच्या एका ओढीत मला वेगळं केलं. कडा घासल्या, मेण चोळलं, पितळी बक्कल शिवलं. गिऱ्हाइकाचं काम तो गप्पा मारत करायचा. माझ्या वेळी मात्र गप्प होता, कारण मी त्याच्या मुलासाठी होतो.

मुलगा फरशी बसवायचं काम करायचा. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. बापसुद्धा. त्याला पहिलं मोठं काम मिळालं त्या दिवशी बापाने मला त्याच्या हातात दिलं.

"पाच भोकं आहेत. मधलं तुझं," बाप म्हणाला. "बाहेरच्या भोकावर गेलास तर जेवण कमी कर. आतल्यावर आलास तर बायकोला सांग, जरा वाढ म्हणावं."

"बायको कुठाय अजून?"

"तेच म्हणतोय मी. बघ जरा."

लंबूने बघितली. बेकरीच्या काउंटरवर काम करणारी, हजरजबाबी, हसताना डोळे बारीक होणारी. लग्नात लंबूने नवे बूट घातले, नवा शर्ट घातला, पण पट्टा मीच. तेव्हा मी मधल्या भोकावर होतो आणि सुखात होतो.

त्या घराची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथे तब्येतीची चौकशी तोंडाने करत नसत. बाप चपलेची झिजलेली टाच बघायचा, पाय दुखतोय हे ओळखायचा आणि न बोलता टाचेखाली चामड्याचा तुकडा ठोकून द्यायचा. सुनेच्या पर्सचा बंद खांद्यावर काचतो हे त्याला तिच्या आधी कळलं. सकाळी बंदाखाली मऊ अस्तर शिवलेलं होतं. त्याची माया अशी हत्यारांतून उतरायची. मला ती फार आवडायची. आता तिची भीती वाटते.

फरशीची खोकी उचलताना एकदा लंबूच्या पाठीत कळ गेली. कामाला खाडा परवडणारा नव्हता. तो औषधाच्या दुकानात गेला आणि दुखण्यावरची जालीम गोळी मागितली.

"डॉक्टरची चिठ्ठी?" औषधवाल्याने विचारलं.

"पाठच दाखवतो ना. चिठ्ठी कशाला?"

औषधवाला हसला आणि त्याने पाकीट पुढे सरकवलं. पुढच्या वेळी त्याने चिठ्ठी विचारली नाही. नंतर नंतर तर लंबू पायरी चढताना दिसला, की पाकीट काउंटरवर येऊन पडलेलं असायचं. तो औषधवाला वाईट माणूस नव्हता. नेहमीच्या गिऱ्हाइकाला पाणीही विचारायचा. विचारायला हवं होतं ते एवढंच, की बाबा, पाठ बरी होऊन इतके दिवस झाले, मग गोळी कशाला? पण धंदा चालू असताना असले प्रश्न माणसाला सुचत नाहीत.

पाठ दुखायची राहिली होती खरंच. दुखायचं ते आता दुसरंच काहीतरी होतं. गोळी नसली की लंबूला घाम फुटायचा, हाडं ठणकायची, फरशीची रेघ वाकडी जायची.

हे पहिल्यांदा ओळखलं त्याच्या दोस्ताने. हा दोस्त रंगारी. लंबू फरशी बसवून एका खोलीतून निघाला की हा डबे घेऊन तिथे शिरायचा.

"गोळ्या नुसत्या गिळतोस होय?" रंगारी म्हणाला. "वेडा आहेस. तेवढ्याच गोळ्यांत आपण दोघं दिवसभर मजेत राहू. त्यांचंच नशेचं पाणी घरी बनतं. गर्द विकणाऱ्या पुडीवाल्याचे भाव कोण देतो?"

अर्धवट बांधलेल्या इमारतीतलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. दार नाही, खिडकीला काच नाही. ओट्यावरच्या पांढऱ्या फरश्या लंबूनेच बसवलेल्या, रेघ एकही चुकलेली नाही. त्या ओट्यावर पहिल्यांदा जे शिजलं ते हे. त्यात काय काय पडत होतं ते मी सांगणार नाही. ज्या डब्यांवर कवटीचं चित्र असतं आणि जे आपण लेकरांपासून लांब ठेवतो, त्यातलंही काही होतं, एवढं पुरे. वास असा, की रंगाच्या वासात आयुष्य काढलेल्या रंगाऱ्यानेही तोंडाला फडकं बांधलं होतं. आणि तेच पाणी दोघं अंगात घेणार होते.

"नस दिसत नाही रे," सुई धरून रंगारी म्हणाला. "पट्टा काढ तुझा."

असा मी कमरेवरून दंडावर गेलो.

त्या मालाला बाजारात मगर म्हणतात. का म्हणतात, ते मला हळूहळू समजलं. त्याचं सुख फार थोडा वेळ टिकतं. सकाळी घेतलेलं दुपारच्या आत उतरतं, म्हणून पुन्हा शिजवा, पुन्हा दंड आवळा. पुढे त्या ओट्यापाशी नळवाला आला, मग खिडक्या बसवणारा आला. सुई एकच. मी एकाच्या दंडावरून सुटलो की दुसऱ्याच्या दंडावर. हे लोक एकमेकांचा चहाचा कप विसळल्याशिवाय तोंडाला लावत नसत, पण सुई मात्र तशीच पुढे द्यायचे. एक इमारत उरकली की मंडळी दुसरीत. मागे त्या घरांत लोक राहायला आले. त्या ओट्यावर आज कुणाच्या तरी बाळाचं दूध तापत असेल.

मी स्वतः कातडं आहे, म्हणून कातड्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. मला कमावलं ते कुजू नये म्हणून. लंबूच्या दंडावर मी उलटं होताना पाहिलं. सुईच्या जागेभोवती आधी राखाडी डाग आला, मग त्यात हिरवट झाक. मग कातडी टणक होऊन तिला खवले धरले, आणि खवल्याखाली जखम. तिचा वास मला लागायचा. मेलेला मी शाबूत होतो आणि जिवंत माणूस माझ्याखाली सडत होता.

रंगारी एक दिवस आला नाही. दोन दिवसांनी त्याच्या जागी दुसरा रंगारी आला. पहिला कुठे गेला, असं कुणी विचारलं नाही. भिंती रंगवायच्या राहिल्या होत्या. तो सरकारी दवाखान्यात मेला, हे नळवाल्याने कधीतरी हळूच सांगितलं. "रक्तात विष भिनलं म्हणे," तो म्हणाला, आणि त्याने दंड पुढे केला.

इकडे लंबू आतल्या भोकावर आला, मग शेवटच्या. त्यानंतर पँट खाली सरकायला लागली. एका सकाळी त्याने मला बापाच्या पुढ्यात टाकलं.

"बाबा, एक भोक पाडून द्या ना."

"काय रे, फरश्या बसवतोस की खातोस? छे, खात असतास तर पोट सुटलं असतं."

"काम फार आहे."

"असू दे, असू दे. काम आहे तोवर मान आहे."

बापाने खूण केली, ठोका दिला, सहावं भोक पडलं. कडेला मेण लावून गुळगुळीतही केलं. मग काही दिवसांनी सातवं. आठव्या भोकाच्या वेळी त्याने मला उजेडात धरलं. माझ्या टोकावर दातांचे व्रण होते. रंगारी गेल्यापासून लंबू बहुतेकदा एकटाच घ्यायचा. एका हातात सुई, दुसरा हात मी आवळलेला, म्हणून माझं टोक तो दातात धरून ओढायचा.

"हे काय? कुत्र्याने चावलं की काय?"

"हो. साइटवर एक आहे. काहीही चावतं."

"उंच टांगत जा मग," बाप म्हणाला. त्याने मला जरासं ओलं केलं, हाडाच्या चपट्या पट्टीने ते व्रण घासून घासून बसवले, वरून मेण चोळलं. पोराचा पट्टा विद्रूप दिसू नये म्हणून. मला कळत होतं का तेव्हा काय होतंय ते? हो, कळत होतं. पण चामड्याचं बोलणं चामड्याच्या भाषेत असतं, आणि ती भाषा येणारा जगातला एकच माणूस माझी अक्षरं पुसत बसला होता.

बायकोला मात्र कळलं होतं. एकदा भर दुपारी बेकरीतून ती लवकर आली तेव्हा लंबू खोलीत, मी दंडावर. ती ओरडली नाही. दार लावून त्याच्या समोर बसली.

"सोडतो म्हणाला होतास."

"सोडणारच आहे."

"गेल्या वेळीही सोडणारच होतास. माझ्यासाठी नाही सुटत, बाबांसाठी नाही सुटत. असं काय आहे रे त्यात?" तिने सुईकडे बोट दाखवलं. "मला बघायचंय. माझ्यापेक्षा जास्त काय आहे त्यात, ते मला एकदा बघायचंय."

"येडी आहेस का?"

"तू घेतोस ते शहाणपण?"

लंबूने तिला हाकलायला हवं होतं. मला वाटलं, तो सुई फेकून देईल. पण तो दमला होता, आणि एकट्याने बुडण्यापेक्षा कुणीतरी सोबत असलेलं त्याला बरं वाटलं असावं. तिच्या बारीक दंडाला मी फार लांब पडलो. त्याने मला दुहेरी गुंडाळलं.

एकदाच, असं ती म्हणाली होती. त्यानंतर ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागली. बेकरीत भट्टी धगधगतेय, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत. कुणी हटकलं तर म्हणायची, भट्टीचा चटका बसलाय, झाकलेला बरा. लोक म्हणायचे, जप हो. आणि पाव घेऊन जायचे.

शेवटी एक दिवस लंबू जिन्यातच कोसळला. अंगात ताप, दंड सुजून मांडीएवढा. दवाखान्यात बाई डॉक्टरांनी बाही कापली आणि मागे सरकल्या. "हात ठेवता येणार नाही," त्या बापाला म्हणाल्या. "माणूस राहतो का, तेवढंच बघू."

"कशाने झालं हो?" बापाने विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. तो मान हलवत राहिला, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल बोलत होत्या.

लंबूचे कपडे आणि मी, असे एका प्लास्टिकच्या पिशवीत बापाच्या हवाली झालो.

आज सकाळी त्याने दुकान उघडलं, पण फळी बाहेर मांडली नाही. मला पिशवीतून काढून पुढ्यातल्या फळीवर ठेवलं. मी आपोआप गुंडाळलो गेलो. चामडं जसं वापराल तसं वळतं, आणि मग वळण सोडत नाही. कमरेचा पट्टा सैल, मोठा वळतो. मी लहानशा कड्यासारखा वळलो. मग त्याने स्वतःचा हात त्या कड्यात घातला, दंडापर्यंत नेला. बरोबर बसला. माझं टोक थेट त्याच्या तोंडाशी आलं. त्याने ते दातांत धरून पाहिलं. स्वतःच घासून बसवलेल्या जागेवर त्याचे दात टेकले, आणि त्याच्या घशातून जो आवाज आला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. कारागीर आहे तो. माझ्यावर आणखी एक मुरड होती, नवी, आणखी लहान कड्याची, दुहेरी वेढ्याची. एवढा बारीक दंड लंबूचा कधीच झाला नव्हता. तो ती मुरड बोटाने पुन्हा पुन्हा चाचपत बसला.

तेवढ्यात सून डबा घेऊन जिना उतरली. "बाबा, मी दवाखान्यात जाऊन येते."

त्याने मान वर केली. "पोरी, बाही वर कर."

"भट्टीचा चटका बसलाय," ती म्हणाली.

"मी अजून काही विचारलं नाही."

ती हसायला गेली, पण डोळे बारीक झाले नाहीत. "उशीर होतोय बाबा. आल्यावर बोलू."

म्हातारा उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात हत्यार नाही. नुसता उघडा तळवा, तिच्यापुढे धरलेला. "विचारतोय मी," तो म्हणाला. "आज विचारतोय. दाखव."

मी इथे फळीवर पडून हे बघतोय. माझ्या अंगावर आठ भोकं आहेत आणि नववं कुणी पाडणार नाही. लोकहो, तुमच्याही घरात कुणाचे तरी कपडे सैल झाले असतील, कुणाच्या तरी बाह्या उन्हाळ्यात लांब झाल्या असतील. कपड्यांची शिवण आत घेऊन देऊ नका. भोक पाडून देऊ नका. तोंडाने विचारा, आणि पहिलं उत्तर ऐकून गप्प बसू नका. चिडतील, खोटं बोलतील, दार आपटतील. तरी विचारा. हा माल एकाच्या दंडावर थांबत नाही. तो तुमच्या जिन्याने चढतो, तुमच्या ओट्यावर शिजतो, तुमच्या माणसाचा दंड धरून दुसऱ्या माणसाकडे सरकतो.

तिने डबा खाली ठेवलाय. उजव्या हाताने डाव्या मनगटाचं बटण धरलंय. म्हातारा दारातून हललेला नाही. बटण अजून निघालेलं नाही.