सहाशे चौदा नोंदी

प्रशिक्षण संस्थेतली शिक्षकाची जागा मिळाली, तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब लिफ्टतपासनिसाने केव्हाच मांडून ठेवला होता. बसायला खुर्ची मिळेल. वीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आणि यंत्रखोलीच्या शिड्या चढून उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता, त्याची सुटका होईल. आणि लोक त्याला ‘सर’ म्हणतील. हे शेवटचं मात्र तो स्वतःशीसुद्धा हळू आवाजातच बोलायचा.

हे सगळं कशाच्या जोरावर? तर इंटरनेटवरच्या एका पानाच्या. चार वर्षांपूर्वी त्याने ते सुरू केलं. आज काय वाचलं, ते कुठे सापडेल आणि त्यावर आपलं एका ओळीचं मत. कुणीही उघडावं, कुणीही वाचावं. पानाच्या माथ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘इथला प्रत्येक लेख मी शेवटपर्यंत वाचलेला आहे.’

पहिली साडेतीन वर्षं हे अक्षरशः खरं होतं. मग वाचणाऱ्यांचा आकडा एकशे ऐंशीवर गेला आणि त्यांत निघाल्या प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्या. ‘इतकं वाचणारा माणूस आमच्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहायला हवा,’ असं त्यांनी कळवलं, आणि झालं! आठवड्याला दोन नोंदी होत्या, त्यांच्या नऊ झाल्या. आता दिवसभर लिफ्ट तपासणाऱ्याने नऊ लेख वाचायचे कधी? मग मथळा, पहिले दोन परिच्छेद आणि मधलं एखादं चमकदार वाक्य, एवढ्यावर काम भागायला लागलं. ज्याने सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत स्वतः गेल्याशिवाय कुठल्या दाखल्यावर सही केली नव्हती, तो लेखांत मात्र दुसऱ्याच मजल्यावर उतरून निघून जायला लागला.

त्याची पहिली वाचक म्हणजे त्याची थोरली बहीण. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, जिभेने तिखट. नोंदी ती न चुकता वाचायची. लेख एकही उघडायची नाही.

“मी कशाला उघडू? तू चावून देतोस, मी गिळते. दातांना त्रास नाही.”

पाचशे अठ्ठ्याऐंशीवी नोंद मिठाची होती. सोडियम कमी असलेल्या मिठावर कुणा डॉक्टरचा लेख होता. त्यावर तपासनिसाने लिहिलं, ‘घरातलं मीठ बदला, रक्तदाब ताळ्यावर येईल. सोपं आणि पटण्यासारखं.’ ताई दहा वर्षं रक्तदाबाची गोळी घेत होती. तिने त्याच संध्याकाळी मीठ बदललं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या तिच्या पायांतलं बळ गेलं. नाडी वेडीवाकडी धावायला लागली. दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा कळलं, की त्या मिठात पोटॅशियम असतं आणि ताईची गोळीही शरीरातलं पोटॅशियम धरून ठेवणारी होती. डॉक्टरांनी विचारलं, “हे कुणी सुचवलं?”

“माझंच डोकं,” ताई म्हणाली.

मंगळवारी तपासनीस भेटायला गेला, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. रंग उतरला होता, जीभ शाबूत होती.

“ये. काढ तो लेख. त्यात माझ्यासारखीसाठी काही लिहिलं होतं का, मला बघायचंय.”

त्याने मोबाइल काढला आणि मोठ्याने वाचायला लागला. तिसऱ्या परिच्छेदापासून तो अडखळायला लागला, शेवटच्यावर थांबलाच.

“काय झालं? चष्मा देऊ?”

“‘मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये.’”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं नुसत्या आवाजावरून माणसं ओळखलेली बाई ती.

“तू हे आत्ता पहिल्यांदा वाचतोयस.”

त्याने मोबाइल पालथा ठेवला.

“म्हणजे मी वाचला नाही, कारण तू वाचला होतास. आणि तू वाचला नाहीस, कारण... मग आपल्या दोघांत मिळून हा लेख वाचला कुणी रे?”

“ताई, मी—”

“रडू नकोस, नर्स मलाच ओरडेल. परवा मुलाखत आहे ना? मिठाची ती एक ओळ पुसून टाक. कुणाला काही कळायचं नाही.”

तेवढ्यात भाऊजी पिशवी घेऊन आत आले. “आलास? बरं झालं. विचार तुझ्या बहिणीला, कुठल्या दीडशहाण्याचं ऐकून मीठ बदललं ते! दोन दिवस विचारतोय, तोंड उघडत नाही.”

“आमच्या घरातच काय कमी आहेत दीडशहाणे?” ताई म्हणाली आणि भावाकडे न बघता कूस बदलली.

तपासनीस घरी आला. ओळ पुसायला एक बोट पुरलं असतं. ते बोट त्याने बराच वेळ हवेत धरून ठेवलं. ताईने आपल्यावर घेतलं होतं. पण उरलेल्या एकशे एकोणऐंशी जणांत आणखी कुणाकुणाची ताई होती, हे त्याला कुठे ठाऊक होतं? मीठ तर कुणीही आणू शकलं असतं. त्याने नोंदीखाली खरं काय ते लिहिलं. मग वाटलं, एवढ्यावर भागणार नाही. बुधवारी रजा काढून तो पहिल्या नोंदीपासून बसला आणि जिथे लागू होतं तिथे लिहीत गेला: ‘पूर्ण वाचलेला नाही.’ सहाशे चौदांपैकी दोनशे एकतीस. माथ्यावरचं ठसठशीत वाक्य त्याने सगळ्यात शेवटी काढलं.

गुरुवारी प्राचार्यांनी पान आधीच पाहिलं होतं.

“हे शुक्रवारी लिहिलं असतं तर नसतं चाललं?”

“तोपर्यंत कुणी मीठ आणलं असतं तर?”

“माणूस म्हणून मला हे आवडलं. पण समितीपुढे तुमचं नाव मी याच पानाच्या भरवशावर ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडाने ठेवू?”

जागा दुसऱ्याला मिळाली. त्या दुसऱ्याने काही वाचल्याचा पुरावा कुठेच नव्हता, त्यामुळे खोटं ठरण्यासारखंही काही नव्हतं.

तर कुणाला काय मोजावं लागलं? तपासनिसाची खुर्ची गेली, ‘सर’ गेलं, गुडघा होता तसा शिडीवर राहिला. एकशे ऐंशींतले साठेक वाचक गळाले. उरलेले आता लेख उघडून बघतात म्हणे. लेख लिहिणाऱ्याचं काहीच गेलं नाही, आणि जायचंही कारण नव्हतं. त्याने आपला शेवटचा परिच्छेद चोख लिहिला होता. ताईचे चार दिवस दवाखान्यात गेले. घरी आल्यापासून ती भावाने नोंदवलेला प्रत्येक लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचते, तोही सकाळच्या चहाला, मोठ्याने. आणि ज्यांनी आयुष्यात कुणाचा सल्ला ऐकला नाही की कुणाला दिला नाही, ते भाऊजी शेवटचा परिच्छेद होईस्तोवर खुर्चीवरून उठू शकत नाहीत. सगळ्यांचं मोजून झालं. त्यांचं अजून रोज चालूच आहे.