मक्याचा कार्बन

रिना पिठाची पिशवी घेऊन स्पर्धेला गेली, तिथूनच सगळी आफत सुरू झाली. पोरगी डोंगरातल्या काठी गावची. मक्याच्या भाकरीशिवाय जेवण म्हणजे तिला जेवणच नाही. राज्य स्पर्धेतसुद्धा वसतिगृहामागे तीन दगड मांडून ती भाकऱ्या थापायची. मी तिची खेळाची शिक्षिका, रनाळे गावची. माझं तोंड सहसा बंद राहत नाही, पण भाकरीवरून मी तिला कधी बोलले नाही. पाच हजार मीटरमध्ये ती पहिली आली आणि हरलेल्यांपैकी कुणीतरी तक्रार ठोकली, 'हिच्याकडे पिवळी पावडर आहे, रोज खाते.'

पावडर म्हणे! मी पोट धरून हसले. मग लघवीच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण जास्त निघालं आणि माझं हसू पळालं. सुवर्णपदक रोखून धरलं गेलं.

ॲथलेटिक्स संघटनेचे सचिव करणसिंग यांनी आम्हाला नंदुरबारच्या कचेरीत बोलावलं.

"मोठी तपासणी अजून व्हायची आहे," ते रिनाला म्हणाले. "त्याआधी कबूल कर, बंदी कमी होईल. नाहीतर चार वर्षं घरी बसशील."

"साहेब, तुम्हना डोकामा काय भरेल शे?" मी उसळले.

रिनानं माझा हात दाबला. "मी काहीच घेतलं नाही, सर. करा तपासणी."

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पोरीवर माझा विश्वास होता, यंत्रावर नव्हता. ती मात्र रोज सकाळी घाट चढून पळत होती, आणि ही इतकी निवांत कशी म्हणून मला तिचा रागच यायचा.

निकालाच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या रुपा मॅडम फोनवर होत्या. करणसिंगांनी स्पीकर लावला.

"काहींच्या अंगात हे प्रमाण मुळातच जास्त असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ते अंगातलं की औषधातलं, हे आम्ही कार्बनवरून ओळखतो. अंगातला कार्बन अन्नातून येतो आणि पिकागणिक तो थोडा हलका-जड असतो. औषध बहुतेक सोयाबीनसारख्या पिकापासून बनतं, त्याचा कार्बन हलका. मका-ज्वारी खाणाऱ्याचा थोडा जड. रिनाचं टेस्टोस्टेरॉन आणि तिच्या अंगातली दुसरी संप्रेरकं, सगळ्यांचा कार्बन सारखाच जड आला. बाहेरचं काही घेतलं असतं तर लगेच उघडं पडलं असतं. हे सगळं तिचं स्वतःचं आहे."

मक्यानंच साक्ष दिली! मला रडू आवरेना.

"चला, सुटलीस," करणसिंग म्हणाले. "नशीबवान आहेस, पोरी."

"मी अडकले कुठे होते, सर?" रिना म्हणाली. "माझं पदक द्या."

त्यांनी कपाट उघडलं. पदक तिनं स्वतःच गळ्यात घातलं आणि ताठ मानेनं बाहेर पडली. व्हरांड्यात लोक जमले होते. पोर कुणाची, असं कुणीतरी विचारलं, "कोन्ही पोर शे ही?"

तिच्या आधी मीच ओरडले, "मन्ही! मन्ही पोर शे ती!"