जेवलात का?

चोमन्ये आजींच्या उंबऱ्यावर कालची दह्याची बाटली तशीच होती. मिग्योंगनं हाक मारली, उत्तराची वाट न बघता चपला काढल्या आणि आत शिरली.

कोरियातल्या गुनसान शहराच्या या चढावरच्या गल्लीत ती कित्येक वर्षं घरोघर दही पोचवत होती. एकट्या म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवायचं कामही पालिकेनं तिच्याकडेच दिलं होतं. आज त्या कामाचा शेवटचा दिवस. उद्यापासून पालिकेनं कपाटावर बसवलेला बोलका पांढरा डबा ते करणार होता. तो विचारपूस करायचा आणि सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लावायचा. मिग्योंगचा त्याच्यावर काडीमात्र विश्वास नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि डब्याचं काय जळणार होतं?

चोमन्ये आजी पांघरुणात पडून होत्या. गाल पार आत गेले होते.

"दही का नाही घेतलंत?"

"हळू बोल गं. तो ऐकतो."

"ऐकू दे मेल्याला."

"असं बोलू नये, पोरी. तिन्ही त्रिकाळ विचारतो बिचारा. पोटच्या पोरानं कधी इतकं विचारलं नाही."

मिग्योंगनं स्वयंपाकघरात जाऊन भाताच्या कुकरचं झाकण उघडलं. तळाशी वाळलेली शितं चिकटली होती. किमचीच्या लोणच्यावर पांढरी बुरशी आली होती. तिनं तिथूनच पालिकेतल्या ग्यूहोला फोन लावला.

"मावशी, इथं तर सगळं हिरवं दिसतंय," ग्यूहो म्हणाला. "आजी तिन्ही वेळा जेवतात."

"कोण म्हणतं?"

"त्याच म्हणतात. त्यांच्याच आवाजात नोंद आहे."

मिग्योंगला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. इथं कुणीही भेटलं की 'जेवलात का' विचारतं, आणि पोटात कावळे ओरडत असले तरी माणूस 'जेवले' म्हणतो.

"ग्यूहो, तुझी आजी कधी 'नाही जेवले' म्हणाली होती का रे?"

"वर कळवतो, मावशी. पण उद्यापासून तुम्ही घरात जाऊ नका. परवानगी नाही."

तिनं पातळ पेज केली आणि आजींना उठवून भरवली. आजींनी वाटी चाटूनपुसून संपवली.

"यापुढं त्यानं विचारलं की खरं सांगायचं. 'नाही जेवले' म्हणायचं."

"परक्याला असं सांगतात होय? त्याच्या जिवाला उगाच घोर."

बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला. मिग्योंग वाटी विसळून निघाली. पहाटेपासून तिच्या पोटातही कॉफीशिवाय काही गेलं नव्हतं. दाराशी ती चपला घालायला वाकली, तोच कपाटावरून लाघवी आवाज आला.

"पाहुण्या आल्यात वाटतं. आपण जेवलात का?"

"जेवले," मिग्योंग म्हणाली.

डब्यावर हिरवा दिवा लागला.