कोंडाजीचा दम

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. कडावच्या मारुतीच्या देवळात, सभामंडपाच्या कोपऱ्यात, सतरंज्यांच्या गुंडाळ्यांशेजारी माझा मुक्काम असतो. पनवेलच्या एका कारागिरानं मला घडवलं. सागाचं अंग, पितळेचे सूर आणि पाठीला घड्यांचा भाता. गावात आणलं त्या दिवशी मला हळदकुंकू वाहून हार घातला होता. तेव्हापासून मला थोडा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझा एक स्वभाव आधीच सांगते. सतारीची तार छेडली की सूर हळूहळू विरतो. माझं तसं नाही. पट्टीवरचं बोट उचललं की माझा सूर तिथल्या तिथे मरतो. म्हणून पट्टी दाबता येणं म्हणजे पेटी येणं नव्हे. बोट कधी उचलायचं, हे कळावं लागतं. आमच्या भजनी मंडळाच्या पोपटला ते कळलं होतं. सकाळी डेअरीवर दूध घालून तो माझ्यासमोर बसायचा. शिकाऊ पोरांना म्हणायचा, "टोचू नको रं. फुडचा सूर बोलला का मग मागचा सोड." त्याच्या हाताखाली माझे सूर एकमेकांचा हात धरून चालायचे. शब्द संपला की मात्र तो नेमका तोडायचा.

गायला कोंडाजी असे. त्याच्या एका अभंगाचा शेवटचा चरण भलता लांब होता. तो चरण कोंडाजी एका दमात म्हणायचा, आणि तेवढ्यासाठी शिळफाट्यापासून माणसं यायची. पुढे वय झालं. भात झोडताना उडणाऱ्या धुळीनं छाती भरली, आणि चरणाच्या मध्यावर त्याचा श्वास संपू लागला. एकदा तालमीला दोघंच होते. कोंडाजी म्हणाला, "पोपट, आता नाय जमत."

"तू गा. मी हाय ना," पोपट म्हणाला.

त्या जागी पोपटनं बोट उचललंच नाही. सूर धरून ठेवला, भाता जरा जोरात दाबला, आणि माझ्या आवाजाआड कोंडाजीनं श्वास घेऊन चरण पुरा केला. पुढची कितीतरी वर्षं हे असंच चाललं आणि समोर बसलेल्या एकालाही पत्ता लागला नाही. "कुनाला सांगू नको," कोंडाजी म्हणाला होता. पोपटनं माझ्यावर हात ठेवून शब्द दिला. त्या शब्दात मीही बांधली गेले.

कोंडाजी गेला. पोपट दुसऱ्यांना साथ करू लागला, पण त्या जागी आला की त्याचं बोट पट्टीवरच राही. गाणारा पुढे निघून जाई आणि माझा सूर मागे एकटा उभा. लोक हसायचे. मंडळातल्या तरुण कमलेशनं एकदा विचारलं, "पोपटकाका, तुमी तितं कुनाची वाट बघता?"

पोपटनं भाता मिटला आणि तो उठला. मला मात्र त्या जागी दर वेळी कोंडाजीचा श्वास ऐकू यायचा. तोंडानं ओढलेला, आत बारीक शिट्टी वाजणारा. मी भ्यायचे. पोपटलाही तो ऐकू येत असावा, कारण तो डावीकडे बघायचा, जिथं कोंडाजी बसायचा. कमलेशनं विचारलं त्या दिवसापासून त्यानं मला हात लावला नाही. तालमीला यायचा आणि पायरीवर बसून राहायचा.

कमलेश माझ्यासमोर बसू लागला. कर्जतच्या क्लासात शिकलेला, हात स्वच्छ, प्रत्येक सूर वेगळा. वाईट वाजवत नाही, पण गाणाऱ्याकडे बघतही नाही.

या वर्षी गावानं ठरवलं की हनुमान जयंतीला तो अभंग कोंडाजीच्या नातीनं, समीक्षानं गायचा. सगळे म्हणायचे, "तिच्या रक्तातच हाय दम." बिचारी रोज दुपारी कॉलेजातून आली की देवळात यायची. चरणाच्या मध्यावर तिचा श्वास तुटायचा. नेमकं तिथंच कमलेश बोट उचलायचा, आणि त्या शांततेत तिची धाप सगळ्या देवळाला ऐकू जायची. पुन्हा, पुन्हा. घसा बसला, खोकला लागला. जयंती चार दिवसांवर आली तेव्हा तिनं वही मिटली.

"माज्यात आजाचा दम नाय. मी नाय गानार. त्याचं नाव कशाला घालवू?"

मित्रांनो, तेव्हा मला माझ्या जातीची चीड आली. खरं काय ते मला माहीत होतं. पण कुणी बोट ठेवल्याशिवाय आम्हाला तोंड फुटत नाही.

पोपट पायरीवरून उठला. "कमलेश, जरा सरक." माझ्यासमोर बसला. "म्हन, पोरी. एकदाच."

ती गाऊ लागली. मध्यावर तिचा श्वास संपला. पोपटनं सूर धरला, भाता दाबला आणि मान हलवून खूण केली. माझ्या आवाजाआड तिनं श्वास घेतला आणि चरण पुरा केला.

"जमलं की एका दमात," कमलेश म्हणाला. त्यालासुद्धा कळलं नव्हतं.

समीक्षा पोपटच्या बोटाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजे... आजा पन?"

पोपटनं शब्द दिलेला होता. पण त्यानं त्या सुरावरचं बोट उचललं नाही. माझा सूर चालूच राहिला आणि तिचे डोळे भरून आले.

हनुमान जयंतीच्या सकाळी ती गायली, पोपट साथीला. पुढे बसलेली म्हातारी अंबूबाई म्हणाली, "कोंडाजीचाच दम गं." समीक्षा हसली. त्या जागी मला दोन श्वास ऐकू आले, एक तिचा आणि एक शिट्टी वाजणारा. या वेळी मी भ्याले नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला झाकून ठेवा, उंदरांपासून जपा. आणि वाजवायला बसलात तर बोट उचलण्याआधी शेजारच्या माणसाकडे एकदा बघा. त्याचा श्वास घेऊन होऊ द्या.